माझ्या मामीची गाडी माल कशी झाली

अन्याय झाला तो माझ्या मामीवर. मार्गशीर्षातल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी साडेनऊला, मोहोळच्या अलीकडे, हायवेच्या डाव्या कडेला. मामी त्या वेळी तिथं नव्हती, सोलापुरात घरी पेपर तपासत बसली होती. पण गाडी तिच्या नावावर, विमा तिच्या नावावर आणि विम्यासोबत घेतलेली ‘रस्त्यात कुठेही मदत’ ही सेवासुद्धा तिच्याच नावावर. त्यामुळे अन्यायग्रस्त मामीच. नातेवाइकांनी सगळी सहानुभूती मामाला दिली, ती त्याला घ्यायचा अधिकार नव्हता, हे आधीच नोंदवते.

मामाचं नवी पेठेत कापडाचं दुकान आहे. आठवड्याचे सहा दिवस तो ब्लाउजपीस फाडतो आणि सातव्या दिवशी जीपखाली झोपतो. ही जीप त्यानं भंगारातून आणली तेव्हा तिच्या सीटमधून बाभळीचं रोप वर आलं होतं. आता तिच्या बॉनेटमध्ये बघून भांग पाडता येतो. मामा ती गल्लीच्या टोकापर्यंत नेतो आणि परत आणतो. हायवेवर काढत नाही, कारण धूळ बसते. अशा माणसाला हौशी म्हणतात. मामी वेगळं काहीतरी म्हणते. मामी शाळेत गणित शिकवते, रागावते कन्नडमध्ये आणि निकाल देते मराठीत.

निकाल असा होता. अकलूजला एका शाळेच्या मैदानावर जुन्या गाड्यांचा मेळावा होता. तिथं जीप एकदा चारचौघांत उभी करून आणा, चार माणसं बरं म्हणाली तर राहील. नाहीतर सोमवारी भंगारवाला. आणि माझ्या गाडीला काही झालं तरी सोमवारी भंगारवालाच. ही नुसती धमकी नव्हती. भंगारवाला अंगणात येऊन, फाटकातून जीप बाहेर कशी काढायची ते बघून गेला होता.

मामानं एका वेल्डिंगवाल्याकडून ट्रेलर करून घेतला, त्यावर जीप चढवली, वर चादर घातली आणि ट्रेलर मामीच्या गाडीला जोडला. मी सोबत गेले, कारण मी ग्राहक हक्कांची पत्रकं लिहिते आणि वाटते, म्हणजे माझा रविवार रिकामाच असतो, असं घरात सगळे धरून चालतात.

मोहोळच्या अलीकडे आधी वास आला. मग धूर आला. मग मामा “काही नाही, काही नाही” म्हणाला. म्हणजे क्लच जळला होता.

मी फोन लावला. पलीकडची बाई फार गोड बोलत होती, आणि माझा अनुभव असा की गोडी जितकी जास्त तितकी सेवा लांब. तिनं विचारलं, गाडीला मागं काही जोडलंय का. मी खरं सांगितलं. जोडलेल्या गाडीला सेवा मिळत नाही, ती म्हणाली, ट्रेलर सोडवा आणि पुन्हा फोन करा. आम्ही सोडवला. पुन्हा फोन केला. आता गाडी एकटी आहे, म्हटलं. तिनं माझं अभिनंदन केल्यासारखं बोलून टोइंगची गाडी पाठवली.

टोइंगवाला मोहोळचाच होता. माझ्यापेक्षा चारपाच वर्षांनी मोठा, तोंडात बडीशेप. त्याला नियमानुसार बंद गाडीचे चारी बाजूंनी फोटो मोबाइलमधून पाठवायचे होते, आणि फोटोत दुसरं वाहन दिसलं की मोबाइल तो फोटो घेतच नव्हता. आम्ही ट्रेलर सोडला होता, पण तो मागंच उभा होता, जीपसकट. टोइंगवाला आडवा झाला, उकिडवा बसला, दुभाजकावर चढला. प्रत्येक फोटोत जीप होतीच. ट्रेलर ढकलून पाहिला, हलला नाही.

“मामा, ही वरची चालती का?” त्यानं विचारलं.

मामा दुखावला. त्यानं चादर काढली, घडी घातली, फळ्या लावल्या आणि जीप खाली उतरवून पार लांब, एका टपरीमागं नेऊन उभी केली. हायवेवर. धुळीत. मोकळा ट्रेलर मग आम्ही तिघांनी ढकलत तिच्यामागं नेला. परत येताना मामानं एकदाही वळून पाहिलं नाही.

फोटो गेले. दहा मिनिटांत बाईचा फोन आला, सेवा नाकारली आहे. का, तर क्लच जळला त्या वेळी ट्रेलर जोडलेला होता.

“मग आधी सोडवायला का लावलात?” मी विचारलं.

“सोडवल्याशिवाय आम्हाला केस बघता येत नाही, मॅडम.”

मी तिला ग्राहक म्हणजे कोण, सेवा म्हणजे काय, हे आमच्या पत्रकातल्या क्रमानं ऐकवलं. वरच्या साहेबांकडे फेरतपासणी मागितली. ती म्हणाली, मागणी नोंदवली आहे, वाट बघा. मामा म्हणाला, “पुढारीणबाई, मेळावा चारला संपतो.”

टोइंगवाला हे सगळं ऐकत होता. म्हणाला, नाकारलेल्या गाडीला हात लावला तर माझी नोकरी जाईल. पण मी आता टपरीवर चहाला चाललोय, आणि माझ्या गाडीचा ओढायचा विंच चालूच ऱ्हातोय, त्याला मी काय करू. जाता जाता त्यानं मामाला कुठला खटका दाबू नये ते नीट दाखवलं. मोकळा ट्रेलर आम्ही ढकलत परत गाडीपाशी आणला आणि मामानं तोच खटका दाबला. विंचच्या दोरानं मामीची गाडी हळूहळू ट्रेलरवर चढली आणि जीप जिथं होती तिथं, मागची चाकं जेमतेम टेकवून, बसली. मग मामानं टपरीमागून जीप आणून ट्रेलर तिला जोडला. जीपला मागं लष्करी हूक होता. इतकी वर्षं मामा तो फक्त पुसत होता.

आम्ही निघणार तेवढ्यात टोइंगवाल्याचा मोबाइल वाजला. वरच्या साहेबांनी माझी मागणी मान्य केली होती. पुन्हा फोटो पाठवा, जागेवर जसं आहे तसं.

“कसं पाठवू?” तो मला म्हणाला. “ताई, आता तर लईच वाट लागली की.”

मी म्हटलं, जसं आहे तसं पाठवा, आपल्याला लपवायचं काय आहे. फेरतपासणीत मोबाइल फोटो अडवत नव्हता, त्यानं पाठवला. फोटोत हिरवी जीप, तिच्यामागं ट्रेलर, त्यावर मामीची पांढरी गाडी. या वेळी उत्तराला वेळ लागला नाही. ते मेसेजमध्येच आलं: ‘संबंधित वाहन ट्रेलरवर माल म्हणून आढळले. माल सेवेत समाविष्ट नाही. ओढणाऱ्या वाहनाची आमच्याकडे नोंद नाही.’

टोइंगवाल्यानं बडीशेप दिली आणि तो गेला.

मोहोळला गॅरेजवाला साखरपुड्याला गेला होता, म्हणून आम्ही गाडी तशीच घेऊन अकलूजला निघालो. टेंभुर्णीत जीप तापली, तिला पाणी पाजलं. मामा आधी तोंड पाडून चालवत होता, मग नुसता चालवत होता, मग दोन्ही बाजूंच्या उसातून जाताना शिट्टी वाजवायला लागला. मैदानावर मेळावा संपत आला होता. धुळीनं जीपचा रंग ओळखू येत नव्हता. तरी गर्दी आमच्याभोवती झाली, कारण बाकी सगळ्या जुन्या गाड्या नव्या गाड्यांनी ओढून आणल्या होत्या. एक म्हातारे गृहस्थ, छातीला परीक्षक म्हणून बिल्ला लावलेले, ट्रेलरवरच्या गाडीला फेरी मारून आले आणि मामाला विचारू लागले, ही कुठल्या सालची, सुटे भाग कुठं मिळतात. बक्षीस मिळालं नाही. बरं मात्र चारपेक्षा जास्त माणसं म्हणाली.

ते मामीला सांगून उपयोग नव्हता, कारण दुसरी अट मोडली होती. घरी पोचल्यावर ती अर्धा तास कन्नडमध्ये बोलली. मामा जीपला टेकून ऐकत होता, जसं कुणी पाहुण्याला निरोप देताना दारात उभं राहतं तसा. मग मी तिला मेसेज वाचायला दिला. तिनं चष्मा लावला. दोनदा वाचला.

“माल?” ती म्हणाली. मराठीत.

मी म्हटलं, मामी, आपण ग्राहक आयोगात जाऊ. त्यांच्या फोटोतली जीप, हूक, ट्रेलर, सगळं जसंच्या तसं दाखवता आलं पाहिजे. मामी उठली, मामाच्या हातातलं फडकं काढून घेतलं आणि म्हणाली, “पुरावा आहे तो. धुतलात तर बघा.”

सोमवारी भंगारवाला आला. मामीनं त्याला फाटकातूनच सांगितलं, निकाल लागेपर्यंत इकडं फिरकायचं नाही. जीप अंगणात आहे, मोहोळ ते अकलूजच्या धुळीसकट. मामा रविवारी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसतो. हात लावत नाही. मामी खिडकीतून लक्ष ठेवते. केसची तारीख दोनदा पुढं गेली आहे. कंपनीचं म्हणणं, गाडी माल होती की नाही हे आधी ठरू द्या, मग मामी ग्राहक होती की नाही ते बघू.

आता तुम्ही. तुमच्याही गाडीच्या कागदांत असा एक मदतीचा नंबर आहे. तो आज लावा. विचारा, माझ्या गाडीमागं काही जोडलं, किंवा माझी गाडी कशावर चढवली, तर ती माझीच गाडी राहते का. उत्तर लेखी मागा. ते हातात पडेपर्यंत पुढच्या वर्षाच्या कागदावर सही करू नका.