व्हिएन्नाहून आणलेलं वाण

डिसेंबरात युरोपला जाणाऱ्यांना माझी पहिली सूचना अशी, की सुटी नाणी खिशात ठेवा. राजवाडा बाहेरून फुकट बघता येतो, चर्चमध्येही बहुतेक ठिकाणी फुकट शिरता येतं, पण लघवीला पैसे पडतात. सगळ्या जगाला मानवी हक्कांवर व्याख्यानं देणाऱ्या खंडात मूत्राशयाला हक्क नाही. हे वाक्य मी व्हिएन्नाच्या एका स्वच्छतागृहाच्या दारात मोठ्यानं म्हटलं, तर मागून आई म्हणाली, "भाषण नंतर कर, आधी नाणं टाक. मला लई घाई हाय."

आई पैठणकडच्या शेतकरी घरातली. जन्मभर गारखेड्यातल्या शाळेत शिकवून निवृत्त झाली. आमची गल्ली तिला 'बाई' म्हणते. निवृत्तीनंतर तिनं फोनवर नाताळच्या बाजारांचा एक व्हिडिओ पाहिला, त्यात दिव्यांनी मढवलेली झाडं आणि वाफाळते कप होते, आणि कुणालाही न विचारता आठवडाभराच्या सहलीचे पैसे भरून आली. एकट्या माणसाला खोली महाग पडते म्हणून दुसरी जागा माझी.

मी विरोध केला. विरोध करणं हे आमच्या घरातलं वळण आहे. बाबा कचेरीत कारकून होते आणि उरलेला सगळा वेळ चळवळीत. घरात गुलाबी-पिवळ्या कागदांचे गठ्ठे असायचे. इतर पोरांच्या गोष्टी 'एक होता राजा'नं सुरू व्हायच्या, माझ्या 'बंधुभगिनींनो, जागे व्हा'नं. हुंडा, भोंदूबुवा, नळाला न येणारं पाणी, सगळ्यांवर पत्रक निघायचं आणि घड्या मी घालायचे. म्हणून सहलीचं कळताच मी आईला म्हणाले, "तिथले राजवाडे लुटीच्या पैशावर उभे आहेत."

"मग बघून येऊ," आई म्हणाली. "त्यात आपलं काही दिसलं तर उचलून आणू."

तर आता दुसरी सूचना. व्हिएन्नात घोडागाडीत बसू नका. आमच्या गावात मकबऱ्यासमोर परदेशी पाहुणा दिसला की आपले रिक्षावाले ज्या प्रेमानं धावतात, त्याच प्रेमानं तिथले गाडीवाले आपल्यापुढं टोपी काढतात. त्यापेक्षा जुन्या गावाभोवती फिरणारी साधी ट्राम पकडा आणि खिडकीशी बसा. ऑपेरा, संसद, नगरभवन सगळं आपोआप समोरून जातं. ते मनोऱ्यांचं नगरभवन म्हणजे तिथली महापालिका, हे आईला पटेना. आपल्या महापालिकेसमोर बायका रिकामे हंडे घेऊन बसतात, तिथं लोक बर्फावर घसरायला रांग लावून उभे. आणि मधोमध जे पाणी दिसतं त्याला डॅन्यूब समजून फोटो काढू नका. मोठी नदी लांबून जाते, गावाला लागून आहे तो तिचा कालवा. हे ऐकल्यावर जायकवाडी धरणाच्या भिंतीखाली वाढलेल्या माझ्या आईनं विचारलं, "कालवा व्हय? मग पाण्याचं आवर्तन कधी सोडत्यात?"

सहलीत आमच्याच गल्लीतलं एक जोडपं होतं. काका पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले, काकू शिकल्यासवरल्या, शाकाहारी, स्वभावानं प्रेमळ, आणि आमच्या गल्लीचं पंचांग. कुठला सण कसा करायचा हे गल्ली त्यांना विचारते. दरवर्षी संक्रांतीला सगळ्यांत मोठं हळदीकुंकू त्यांचंच.

बाजारात जाल तर चार वाजता जा. तेव्हाच अंधार पडतो आणि दिवे खरे दिसतात. शनिवारी जाऊ नका, शनिवारी अख्खा युरोप तुमच्या पायावर उभा असतो. खायला बटाट्याचं थालीपीठ घ्या. त्यांचं नाव वेगळं आहे, पण किसलेला बटाटा तेलात परतून वरून लसूण लावतात, म्हणजे थालीपीठच. भाजलेले चेस्टनट कागदाच्या पुडीत मिळतात, चवीला शिंगाड्याचे दूरचे भाऊ. शाकाहाऱ्यांनी विचारून खावं. काका मात्र विचारायची तसदी न घेता एका टपरीमागं उभे राहून लांबलचक सॉसेज खाताना सापडले.

"हे सोयाचं आहे," काका म्हणाले.

"दिसतंय," काकू म्हणाल्या. "सोयाच्या तोंडाला चरबी लागलीय ती पुसा."

मग आम्ही गरम पंच घेतला. तो वाइनचा असतो, पण लहान मुलांसाठी बिनदारूचाही मिळतो, फळांचा रस, दालचिनी, लवंग. आईनं तोच घेतला. आणि इथं ती गोष्ट सुरू झाली, जिच्यासाठी मी हे लिहायला बसलेय.

तिथं पंच कागदी पेल्यात देत नाहीत. चिनी मातीच्या कपात देतात. त्या बाजारातले कप लाल होते, बदामाच्या आकाराचे, वर चांदण्या. पंचाचे पैसे वेगळे, कपाचं डिपॉझिट वेगळं. कप परत केला की डिपॉझिट परत.

"आन् नाय केला तर?" आईनं विचारलं.

"तर कप आपला."

"म्हणजे चोरी नाय?"

"नाही. पैसे आधीच दिलेत."

आईनं कप उलटा करून बुडाखाली पाहिलं, पुन्हा सुलटा केला. मग वर्गातून वह्या गोळा कराव्यात तशी ती आमच्या सगळ्या घोळक्यातून फिरली. ज्यांना कप नको त्यांनी माझ्याकडं द्या, डिपॉझिट मी देते. बघता बघता तिच्या दोन पिशव्या भरल्या.

"बाई, इतके कप?" काकूंनी विचारलं. त्यांच्या हातात थालीपीठ होतं. "पाहुणे यायचेत की काय?"

"संक्रांतीला हळदीकुंकू करणार हाय," आई म्हणाली. "वाणाला होतील. वहिनी, तुम्ही पण यायचं."

काकूंनी तोंडातला घास फार वेळ चावला. मागं कुणी तरी तुतारीसारखं काहीतरी वाजवत होतं. शेवटी काकाच पुढं आले. "म्हणजे पोरगी करणार असेल. कुमारिकेनं केलं तर चालतं, काय हरकत आहे!"

"पोरगी कशाला? घर माझं, कप माझे. मीच करणार," आई म्हणाली आणि पिशव्या उचलून चालू लागली.

बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. ते गेले तेव्हा आमच्या घरी कित्येक दिवस डबा काकूंकडूनच आला. पण त्यानंतरच्या संक्रांतीला हळदीकुंकवाचा निरोप आला नाही. त्यानंतरच्याही नाही. काकूंनी काही ठरवून केलं असेल असं मला वाटत नाही. रीत अशी ठरवून करावी लागत नाही, हीच तिची मोठी सोय असते.

आणि आमच्या घरी? बाबांचं एक पिवळं पत्रक हळदीकुंकवावरच होतं. विधवेला उंबऱ्याबाहेर ठेवणारा सण आमच्या घरात होणार नाही, असं त्यात ठणकावलं होतं. त्यामुळं आईनं कधीच केलं नाही. दुसऱ्यांकडं जायला बाबांची ना नव्हती. ती जायची, वाण आणायची. चाळण्या, वाट्या, प्लॅस्टिकच्या टोपल्या. आमचं निम्मं स्वयंपाकघर गल्लीच्या वाणावर उभं होतं, आणि त्या बदल्यात आईनं गल्लीला एक चमचासुद्धा दिला नव्हता. नवरा होता तेव्हा तत्त्व आडवं आलं, नवरा गेल्यावर रीत.

हॉटेलात आई बेसिनमध्ये कप विसळत होती. मी म्हणाले, "आई, हा सणच मुळात चुकीचा आहे. तो सुधारायचा नसतो, टाकून द्यायचा असतो."

"तुझ्या बापाचं पत्रक खरं होतं," आई म्हणाली. "अक्षर न् अक्षर. पण ज्या बाईला कुणी बोलवत नाय, तिनं काय नुसतं पत्रक वाचत बसायचं? मी बोलवणार. नवरा असलेल्या, नसलेल्या, सगळ्या. मी त्यांना कुंकू लावणार, त्या मला लावणार."

"आणि नाही आल्या तर?"

"तर कप तुझ्या लग्नात वापरू."

"मी लग्न करणार नाही."

"म्हणून तर म्हणते, याव्यात बायका."

दुसऱ्या दिवशी राजवाड्यापुढच्या बाजारात गेलो. राजवाड्याच्या आत शिरायला तिकीट, पण अंगणातला बाजार फुकट आणि राजवाड्यापेक्षा बरा. तिथं कप बुटाच्या आकाराचा होता. काकू म्हणाल्या, "अगं, किती गोड!" आईला मात्र संकट पडलं.

"बूट कसा द्यायचा वाणाला? लोक काय म्हणतील?"

"तू कधीपासून लोकांचा विचार करायला लागलीस?"

"बुटाच्या बाबतीत करते," आई म्हणाली. तरी तो एक कप तिनं परत केला नाही. "राहू दे. लागंल कुणाला तरी."

परतीची सूचना अशी, की लाडवांचे आणि चिवड्याचे डबे तिथंच संपवा. रात्री जेवायला सहलवाले रोज पनीर घालतात, त्यामुळं ते अवघड जात नाही. रिकाम्या डब्यांत कप बसतात. उरलेले उबदार कपड्यांत गुंडाळा आणि विमानात कुडकुडत बसा. आम्ही तसंच केलं. एकही फुटला नाही.

घरी आल्यावर निमंत्रण मी लिहायला घेतलं. वर ठळक अक्षरांत 'जाहीर आवाहन', खाली 'भगिनींनो'. आईनं वाचलं, चष्मा काढला. "बायकांना तिळगूळ खायला बोलवायचंय, का तहसीलवर मोर्चा न्यायचाय?" कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर तिनं किराणा लिहिला आणि स्वतः दारोदार जाऊन आली. काकूंच्या दारी गेली तेव्हा काकू 'बघते' म्हणाल्या.

त्या दिवशी सगळ्यांत आधी मुकुंदवाडीहून आईची जुनी मैत्रीण आली, तिच्या शाळेतली. तिचेही यजमान गेलेले. दोघींनी एकमेकींना कुंकू लावलं आणि लगेच पेन्शनच्या कागदांवर बोलायला लागल्या, जणू ते रोजचंच. मग समोरच्या इमारतीतल्या दोन तरुण सुना आल्या. धाकटीनं कुंकवात बोट बुडवून विचारलं, "बाई, चालतं ना?" आई म्हणाली, "मला काय विचारते? बोट तुझंय." तिनं लावलं. आईनं तिला बदामाचा कप दिला. मी सफरचंदाच्या रसात दालचिनी-लवंग उकळून व्हिएन्नाचा पंच केला होता. बायका म्हणाल्या, काढा छान झालाय, खोकल्याला बरा. माझ्या खिशात एक छोटं भाषण होतं, ते खिशातच राहिलं.

बाकीची गल्ली काकूंच्या फाटकाकडं बघत होती, हे आम्हाला गच्चीवरून दिसत होतं. काकू अखेर दिवेलागणीला आल्या. उंबऱ्यातच म्हणाल्या, "त्यातला एक कप माझाही आहे हं. म्हटलं, बघून यावा."

"या, वहिनी," आई म्हणाली.

आईनं त्यांना हळद लावली, कुंकू लावलं, तिळगूळ दिला. आता हात काकूंचा होता. त्यांनी करंडा घेतला. चिमटीत हळद घेऊन आईच्या कपाळावर टेकवली. मग बोट कुंकवाकडं गेलं, आणि थांबलं. त्या आईच्या कपाळाकडं बघत राहिल्या. मी खिशातल्या भाषणाला हात घातला, तर आईनं माझ्याकडं असं बघितलं, की मी हात तसाच बाहेर काढला. काकूंनी करंड्याचं झाकण लावलं. हळू, आवाज न करता.

"बरं," आई म्हणाली. "निम्मं झालं." आत गेली आणि त्यांच्यासाठी कप घेऊन आली.

बूट.

काकूंनी तो दोन्ही हातांत धरला. आधी बुटाकडं पाहिलं, मग समोरच्या धाकट्या सुनेच्या मांडीवरच्या बदामाच्या कपाकडं. आणि पंच पिऊन टाकला. तक्रार तरी कशाची करणार? कप गोड आहे असं त्याच म्हणाल्या होत्या. गल्लीतून घरी जाताना त्यांनी तो पदराखाली घेतला, पण टाच बाहेर राहिली, आणि ज्या बायका आल्या नव्हत्या त्यांनीही ती पाहिली.

हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत चालतं. तिच्या आदल्या दुपारी आमची बेल वाजली. काकू एकट्याच, हातात पिशवी, पिशवीत बूट.

"बाई, हा बदलून मिळेल का?" त्या म्हणाल्या. "ह्यांनी त्यात दाढीचा ब्रश ठेवलाय. मला रोज सकाळी बघवत नाही."

"मिळंल की," आई म्हणाली. "पण डिपॉझिट राहिलंय तुमचं."

काकूंनी पिशवी खाली ठेवली. मग चपला काढल्या, आत आल्या आणि टीव्हीशेजारचा करंडा त्यांनीच उचलला. झाकण उघडून बोट कुंकवात बुडवलं. आईनं त्यांच्यासाठी मान जरा पुढं केली.

नंतर आई आरशात बघून म्हणाली, "वाकडं लावलंत, वहिनी."

"पहिल्यांदाच लावतेय ना इतक्या दिवसांनी," काकू म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपत लगेच विचारलं, "चांदणी उडालेला देऊ नका हं, नीट बघून द्या."