न भरलेल्या बांगड्या

बांगड्या भरताना कासारीणमावशी कधी हाताकडे बघत नसत. डोळे मिटून घ्यायच्या, बोटं एकत्र दाबायच्या, अंगठा तळव्यात मुडपायच्या, आणि बांगडी मनगटावर गेल्याचं आपल्याला मागाहून कळायचं. कुंडलला, माझ्या सासरच्या ओसरीवर, त्या आल्या की मला बसल्या जागी पेंग यायची. "सैल सोड पोरी. हात तुझा न्हाई, माझा हाय आसं समज," म्हणायच्या. सासरी आल्यावर इतकं निवांत मला दुसऱ्या कुणाजवळ वाटलं नाही.

हातात हात घेतला की त्यांना माणूस कळायचं. कुणाच्या घरी भांडण झालंय, कुणाला दिवस गेलेत, सगळं. पण बोलायच्या नाहीत. गावभरच्या गोष्टी पोटात घालून पुढच्या दाराशी जायच्या.

नणंदेच्या लग्नात मात्र बोलल्या. चुडा भरायला बायकांनी ओसरी भरली होती. दोन दिवस माझ्या छातीत पाखरू फडफडल्यासारखं होत होतं, पण लग्नघरात कुणाला सांगणार? माझी पाळी आली. मावशींनी डोळे मिटले, हात दाबला आणि थांबल्या. हिरवी बांगडी खाली ठेवून म्हणाल्या, "हिला आज भरत न्हाई."

माझा नवरा फौजेत, तेव्हा सरहद्दीवर. फौजीच्या बायकोला भर लग्नात बांगडी नाकारली, याचा अर्थ बायकांनी आपापला लावला. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्या, ताडकन उठल्या. त्यांनी लेकाला फोन लावला, तो लागेना. मग त्या मावशींवर अशा उखडल्या की बास. पुन्हा या घरात यायचं नाही म्हणाल्या. मावशींनी सगळं ऐकून घेतलं, पण माझं मनगट सोडलं नाही.

"आवं वैनी, तुमच्या लेकाचं मी कायबी बोलत न्हाई. हिची नाडी उड्या मारतीया. आदी डॉक्टरला दावा."

तेवढं ऐकलं आणि ओसरी लांब लांब जाऊ लागली.

दिरानं गाडीत घालून सांगलीला नेलं. हृदयाची लय बिघडलीय, उशीर केला असता तर अवघड होतं, असं डॉक्टर म्हणाले आणि तिथंच दाखल करून घेतलं. छातीला वायरी, हाताला सलाईन. दुसऱ्या दिवशी गुंगीचं इंजेक्शन देऊन विजेचा झटका दिला. मला काहीच कळलं नाही. नदीच्या पाण्यावर उताणं पडून कुठंतरी वाहत जावं तशी मी चालले होते, आणि कुणीतरी माझा हात धरला होता. मावशीच असणार म्हणून डोळे उघडले, तर आत्या. "त्याचा फोन आलता. बरा हाय," एवढंच म्हणाल्या आणि तोंड फिरवून रडल्या.

गेल्या हिवाळ्यात मावशी वारल्या. त्यांची आठवण निघाली की मला मी दवाखान्यातून घरी परतले तो दिवस दिसतो. आत्या स्वतः जाऊन त्यांना घेऊन आल्या होत्या. आता माझा हात पुढं करतील, असं मला वाटलं. पण आत्यांनी आपलाच हात मावशींच्या मांडीवर ठेवला. "पोरगं फौजेत गेल्यापास्नं मला लय भ्या वाटतंय. आजवर कुणाला बोलली न्हाई," म्हणाल्या.

मावशींनी डोळे मिटले. बराच वेळ त्यांनी तो हात नुसता धरून ठेवला.

"मला ठावं हाय वैनी," त्या म्हणाल्या. "दर साली कळतंय."