डाव्या हाताची अक्षरं

"अगं, हात नको लावू! बिघडवशील!"

मॅडम सगळ्यांसमोर ओरडल्या. मी कीबोर्डवरून बोट काढलं.

शेठने विचारलं, "ये कौन है?"

"पॅकिंगवाली है, शेठ. चौथी पास. लादी पुसने आयी थी."

लादी मी पुसायचे, खरं आहे. चपला बाहेर काढून, त्या थंडगार कॉम्प्युटरच्या खोलीत. पण त्या पडद्यावरच्या बटणांना अक्षरं कुणी दिली?

उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात मी लेबलं लावते. कॉम्प्युटर बघणाऱ्या मॅडमनी लेबलं छापायचा प्रोग्राम बनवला, आणि चालवून बघायला मला बसवलं. प्रत्येक बटणाला माउस धरावा लागे. उजव्या हातात लेबलांची पट्टी. ती सोडली की प्रिंटरमध्ये वाकडी जायची. मी घाबरत म्हटलं, "मॅडम, डाव्या हाताने दाबता येईल असं करा ना."

"कीबोर्डवरच्या ऑल्टबरोबर एक अक्षर दाबायचं की पडद्यावरचं बटण दाबलं जातं, तसं करता येतं. कुठलं अक्षर, ते तू सांग."

इंग्रजी मला येत नाही. अक्षरं ओळखते, साइजच्या स्टिकरांवरून शिकले. जेवणाची सुट्टी सोडून कितीतरी दिवस बसले. डावा हात पोचेल तीच अक्षरं निवडली. दोन बटणांना एकच अक्षर पडलं तर काम होत नाही, बटणाभोवतीची ठिपक्यांची चौकट नुसती या बटणावरून त्या बटणावर उडते. तेही मीच पकडलं. मॅडमनी त्या त्या अक्षराखाली रेघ दिली.

"हे झालं की ही खुर्ची तुझी," त्या म्हणायच्या. मी त्यांना मोठी बहीण मानलं.

शेठला दाखवायच्या दिवशी खुर्चीवर त्यांची भाची. फटाफट लेबलं काढत होती. एका बटणाशी अडली, म्हणून मी बोट पुढे केलं. एवढाच माझा गुन्हा.

शेठ म्हणाला, "वाह मॅडम, क्या दिमाग है!"

मॅडम हसल्या. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

सोमवारी त्या पॅकिंगच्या टेबलापाशी आल्या. "चल गं, बिलाच्या फॉर्मला अक्षरं द्यायचीत. तुझ्या हाताला बरं कळतं."

"नाही येणार."

"काय?"

"खुर्चीवर बसवलीत, तिलाच विचारा." मी पुढचं लेबल लावायला घेतलं.

"चौथी पास आणि एवढा माज? परत त्या खोलीत पाय ठेवायचा नाही."

"नाही ठेवत."

आजही लेबलंच लावते. कुणाशी फार बोलत नाही, हे वहीत लिहितेय. पुन्हा कुणी गोड बोलून विचारायला आलं, तर आधी शेठपुढे न्यायचं मला. तिथे मोठ्याने सांगायचं, हे हिने केलंय. तोवर एक अक्षर सांगणार नाही.