पद्माबाईंचा एक प्रश्न

नव्या टॉवेलच्या खळीचा वास आला, की अजून माझा जळफळाट होतो.

टॉवेलच्या कारखान्यात कामगाराची बोटं यंत्रमागात गेली होती आणि मी कारखानदाराचा वकील. "माग बंद न करता धागा जोडला, चूक याचीच," हे मी असं गर्जून सांगितलं, की सिद्धेश्वर तलावातले मासे दचकले असतील.

समोर कामगाराच्या बाजूनं पद्माबाई, आठ वर्षं मागावर राबून वकील झालेल्या. त्यांनी आमच्या तज्ज्ञाला हळूच विचारलं, "साहेब, दिवसात किती वेळा माग बंद केला की कामगाराला घरी पाठवतात?"

तज्ज्ञ कागद चाळू लागला. मागच्या बाकावरून आमचा कारखानदारच सवयीनं बोलून गेला, "तीनदा."

केस तिथंच गेली.

बाहेर मी विचारलं, "हा प्रश्न कुठल्या पुस्तकात सापडला, बाई?"

"पुस्तकात कुटला? मला दोनदा पाठवलंय की घरी."

माझ्या घरात तीन पिढ्या वकील. एकालाही कुणी कधी घरी पाठवलं नव्हतं.