बोनेटवरची दोन बोटं

माझ्या ट्रॅक्टरला कुणीतरी हात लावतंय, असा संशय मला श्रावणात यायला लागला. शेतातल्या ट्रॅक्टरला नव्हे, त्याला तर गावभराचे हात लागतात. हा वीतभर लांबीचा छोटा नमुना, प्लास्टिकचे तुकडे कापून, कानशीनं घासून, मागं उसाच्या दोन ट्रॉल्यांसकट मी वर्षभर बनवत होतो. इंदापूरची नोकरी आणि निरवांगीतला संसार यांतून उरलेला वेळ मागच्या खोलीतल्या टेबलावर जायचा. टेबल म्हणजे बायकोची शिलाई मशीन खाली दुमडून वर टाकलेलं प्लायवूड.

रंगाच्या डब्या सरकलेल्या असायच्या. चिमटा तर रोज जमिनीवर. मुलीला विचारलं, तर म्हणाली, "पप्पा, त्या वासानं मी तिकडं फिरकत बी न्हाय." वडिलांना गुडघ्यांमुळं खोलीची पायरी चढवत नाही. राहिली बायको. "ही खेळणी हितनं कधी जायची?" असं ती एकदा म्हणाली होती, आणि मला तेवढं पुरलं. दिवाळीच्या आत माझा एवढासा कोपराही रिकामा करून घ्यायचा तिचा डाव असणार. मी चाकाला टेकवून एक आगकाडी उभी केली. संध्याकाळी ती आडवी. बायको निवांत भाकरी थापत होती, आणि मला त्या निवांतपणाचाच राग आला.

खंडेनवमीला सकाळीच मी बारामतीला रंग आणायला गेलो. परत येऊन बघतो तर पांढऱ्या बोनेटवर हळदीकुंकवाची ओली बोटं! डोकंच सणकलं. "मुद्दाम केलंस तू!" असं ओरडत बाहेर आलो आणि दारातच थांबलो. मोटारसायकल, फवारणीचा पंप, कोयते, विळी, अगदी मिक्सरवरसुद्धा तीच दोन बोटं आणि झेंडूचं फूल. म्हणजे माझं खेळणं तिनं घरच्या यंत्रांत धरलं होतं! राग कुठल्या कुठे गेला. मी चांगलाच फुगलो.

"माझ्या ट्रॅक्टरची पूजा केलीस व्हय?"

"अवं, ट्रॅक्टरची कुठली? खाली माझी मशीन हाय. तुमचा पसारा हलवला तर तुमी घर डोक्यावर घेताय. मग वरनंच लावलं."

"आणि रोज सगळं हलतंय ते?"

"मशीनचा ड्रॉवर अडकतोय. सुई-दोरा काढाय हिसका द्यावा लागतोय. मशीन न्हाय, तर हातानंच टाकं घालते. बायका ब्लाऊज घेऊन येत्यात, त्यास्नी परत लावते."

ती हे तक्रारीच्या सुरातही बोलली नाही. मला फार लाज वाटली.

मी ट्रॅक्टर कपाटावर ठेवला, प्लायवूड भिंतीला लावलं आणि मशीन वर काढली. तिच्या काळ्या अंगावर माझ्या पांढऱ्या रंगाचा ओघळ वाळून बसला होता. बायकोनं तो पदरानं घासून पाहिला. निघेना, तेव्हा कुंकवाची वाटी घेऊन आली आणि त्या ओघळावरच तिनं बोट टेकवलं.