पेढ्याआधी काहून

गुढियारीतल्या आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, त्यांना सगळे गणिताच्या काकू म्हणतात. अंबाड्यात पेन्सिल खोचून त्या शिकवणी घेतात. उत्तर बरोबर आलं तरी भुवया उडवून कारण विचारतात, "काहून?" त्यांच्या तोंडून होकाराचा एक 'हव' ऐकायला पोरं तरसतात.

हिंदी शाळेत जाणाऱ्या माझ्या पोरीला गणितात शंभरपैकी शंभर मिळाले, म्हणून आम्ही दोघी पेढे घेऊन गेलो. काकूंनी डबा मांडीवर ठेवला, पण खाल्लं काही नाही.

"तीन भागिले अर्धा?"

"छह."

"भागलं तर कमी व्हायले पाहिजे. वाढलं काहून?"

"मैडम ने बताया, उलटा करके गुणा करो."

"पोळी आहे काय उलटवायले?"

मला रागच आला. शंभर मार्क काय रस्त्यावर पडले होते?

काकूंनी तीन पेढे काढून तिच्या हातात दिले आणि शिकवणीला बसलेल्या पोरांकडे बोट दाखवलं. "त्या पोट्ट्यांना अर्धा अर्धा वाट."

पोरगी मोडत गेली, वाटत गेली. सहाव्या पोराला शेवटचा तुकडा देताना थबकली आणि अशी किंचाळली, की बाहेरचं कुत्रं भुंकायला लागलं. "मम्मी! तीन में आधे तो छह ही निकलेंगे ना!"

"हव!" काकू ओरडल्या आणि दुखरे गुडघे विसरून तिच्याशी फुगडी घालू लागल्या. पोरांनी एकच गिल्ला केला.

"आत्ता पास झाली पोट्टी. आण पेढा!" धापा टाकत त्यांनी एक पेढा मोडला, अर्धा माझ्या तोंडात कोंबला. "तुले समजलं होतं काय वं शाळेत?"

शाळेत गणितात मी कायम पहिली यायचे. तोंडात पेढा होता, म्हणून वाचले.