सलाईनला टायफॉइड

काही प्रकरणं निवृत्तीनंतरही पाठ सोडत नाहीत. सेनगाव तालुक्यातल्या एका गावाचं हे प्रकरण त्यातलंच. हिंगोली जिल्हा नुकताच वेगळा झाला होता आणि मी तिथल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो.

सकाळची हजेरी चालू असताना पोलीस पाटलांचा फोन आला. "साहेब, लवकर या. अंगणवाडीत खिचडी शिजवणाऱ्या मावशीला लोकं घराबाहेर ओढून राहिले. तिनं लेकराईला टायफॉइड दिला म्हणतेत."

स्टेशन डायरीत नोंद केली, महिला शिपाई सोबत घेतली आणि निघालो. गावात आठवडाभर लेकरं ताप आणि जुलाबानं पडली होती. एक मुलगी नांदेडच्या दवाखान्यात अत्यवस्थ होती. तिचा बाप मावशीच्या दारात कागद घेऊन उभा होता.

"हा रिपोर्ट पाहा साहेब. हिच्याच अंगात टायफॉइड हाय. तरी रांधून खाऊ घातलं हिनं."

मावशी उंबऱ्याशी बसली होती. कपाळावर दगड लागला होता, पदरानं रक्त दाबून धरलं होतं.

तिला ठाण्यात आणलं. आधी चहा पाजला, मग विचारपूस सुरू केली.

"म्या काहून करीन असं? मला ताप न्हाई, काई न्हाई. गावानं रक्त तपासून आण म्हणलं, म्हणून तालुक्याला जाऊन आले." मग हळूच म्हणाली, "पण कागदावर आलं म्हणजे माझ्यामुळंच झालं असंल का हो साहेब?"

खोटं बोलणारा माणूस असा प्रश्न विचारत नाही, हे मला तेव्हाच कळायला हवं होतं. पण छापील कागदावर माझाही विश्वास होता. निष्काळजीपणानं रोग पसरवल्याचा गुन्हा नोंदवायचा म्हणून रायटरला कच्चा मसुदा करायला सांगितला आणि जखमेच्या तपासणीसाठी तिला आरोग्य केंद्रात नेलं.

तिथल्या डॉक्टर मॅडम वयानं लहान होत्या, पण बोलणं ठाम. टाका घालून झाल्यावर त्यांनी रिपोर्ट वाचला. "साहेब, गावातले बाकीचे रिपोर्ट पाहिलेत का तुम्ही?"

पाहिले नव्हते. घरोघर फिरून सगळे गोळा केले आणि टेबलावर मांडले. सगळे एकाच लॅबचे, आणि सगळ्यांना टायफॉइड. एकही माणूस निरोगी नाही. सगळे साक्षीदार शब्दही न बदलता एकच जबाब देऊ लागले, की त्यांना कुणीतरी पढवलंय असं आम्ही पोलीस समजतो. इथंही मला तसंच वाटलं.

मॅडमना घेऊन त्या लॅबमध्ये गेलो. माझं आणि माझ्या ड्रायव्हरचं रक्त तपासायला सांगितलं. आम्ही दोघं ठणठणीत, तरी दोघांनाही टायफॉइड निघाला. मग मॅडमनी सलाईनच्या सीलबंद बाटलीतला एक थेंब काचेवर टाकला. "आता याच्यात तुमचं तपासणीचं औषध मिसळा."

लॅबवाल्यानं काच हलवली. बघता बघता थेंबात गुठळ्या दिसू लागल्या. या तपासणीत गुठळ्या म्हणजे टायफॉइड.

"यात माणसाचं रक्तच नाही," मॅडम म्हणाल्या. "मग ताप कुणाला आला?"

लॅबवाला आधी औषध बनवणाऱ्या कंपनीला दोष देऊ लागला. मी आवाज चढवला नाही. घाबरलेल्या माणसाला खुर्ची द्यावी आणि आपण गप्प बसावं, हे नोकरीनं शिकवलं होतं. शेवटी तो बोलला. "फ्रीज बंद पडलाय साहेब. औषध असंच उन्हाळ्यात बाहेर राहिलं. एकच ड्रॉपर सगळीकडं वापरत व्हतो. औषध खराब झालंय, हे कळून राहिलं व्हतं मला. सांगायची हिंमत झाली न्हाई."

मावशीविरुद्धचा पुरावा गळाला. पण लेकरं आजारी होती, हे खरंच होतं. आमचा शिपाई सोड्याच्या धुतलेल्या बाटलीत नळाचं पाणी घेऊन आला. मॅडमनी ते परत केलं. "यात घाण निघाली तर ती पाण्यातली की बाटलीतली, कसं सांगणार?" मग निर्जंतुक बाटली आली. नळाच्या तोंडावरचे जंतू मरावेत म्हणून ते ज्योतीनं जाळून घेतलं, पाणी भरलं आणि पंचांसमोर सील करून बर्फात ठेवून प्रयोगशाळेत पाठवलं. पाणी पिण्यालायक नाही, त्यात मैल्यातले जंतू आहेत, असा अहवाल आला. पाइपाच्या मागावर चालत गेलो, तर एक फुटका जोड गटारातच बुडालेला सापडला. मावशीची तपासणी नांदेडला तीन वेळा झाली. तिन्ही वेळा टायफॉइडचा जंतू सापडला नाही.

ग्रामपंचायतीसमोर मी ते अहवाल मोठ्यानं वाचले. मुलीचा बाप पुढं आला. "मावशे, माफी मागायला तोंड न्हाई मला."

"ते राहू द्या," ती म्हणाली. "पोरगी कशी हाय ते सांगा आधी."

"काल पेज प्याली."

हे ऐकून मावशी तिथंच खाली बसली आणि रडू लागली. अंगावर दगड आला तेव्हासुद्धा ती रडली नव्हती. दगडाबद्दल तक्रार द्या, असं मी दोनदा सांगितलं. तिनं दिली नाही.

पुढं नोकरीत कुठलाही अहवाल हाती आला, की नमुना कुणी घेतला, कशात घेतला, कसा ठेवला, हे मी आधी विचारायचो. त्यामुळं काही निर्दोष माणसं सुटली असतील, आणि त्याचं श्रेय माझं नाही. त्या दिवशी मॅडमनी तो एक प्रश्न विचारला नसता, तर संध्याकाळपर्यंत मावशीला मी माझ्या सहीनं आरोपी केलं असतं. माझी बदली घाईत झाली, मॅडमचे आभार मानायचे राहून गेले. त्या जिथं असतील तिथं हे वाचोत. मॅडम, एका चांगल्या बाईचा आयुष्यभराचा तळतळाट तुम्ही मला लागू दिला नाहीत. मी तुमचा ऋणी आहे.